पूररेषा म्हणजे काय, आणि आपल्या गावाचा पुराचा नकाशा कसा तयार करायचा?

जुलै-ऑगस्ट आला की कोल्हापूर-सांगली भागातल्या प्रत्येक मोबाईलवर एकच मेसेज फिरतो. राजाराम बंधारा एवढे फूट, आयर्विन पूल एवढे फूट. आकडा सगळ्यांना कळतो, पण त्या आकड्याला आपल्या गल्लीत पाणी येतं का, जनावरं कधी हलवायची, कुठला रस्ता आधी बंद होतो, हे त्या मेसेजमध्ये नसतं. ते सांगायचं काम पुराच्या नकाशाचं आहे. सरकारी पूररेषा म्हणजे काय, पाण्याचे आकडे कसे वाचायचे आणि गावानं स्वतःचा नकाशा कसा करायचा, याची माहिती इथं एकत्र दिली आहे. पावसाळ्याआधी वाचा आणि जपून ठेवा.

निळी रेषा आणि लाल रेषा

आपल्या राज्यात जलसंपदा विभाग नदीकाठाला दोन पूररेषा आखतो.

निळी रेषा : सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या मोठ्या पुराचं पाणी जिथंपर्यंत पोचतं ती रेषा. दोन्ही काठांच्या निळ्या रेषांमधला भाग निषिद्ध क्षेत्र. तिथं शेती, मैदान, बाग असा मोकळा वापर चालतो, नवीन वस्ती चालत नाही.

लाल रेषा : सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र. इथं बांधकामाला अटी असतात. जोतं पुराच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं आणि माणसं बाहेर काढायला वाट ठेवावी लागते.

इथं एक मोठा गैरसमज आहे. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा पूर येऊन गेला की पुढची ९९ वर्षं निवांत, असं नाही. त्याचा अर्थ, दरवर्षी तसा पूर यायची शक्यता शंभरात एक. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दरवर्षी शंभरात चार. आज घर बांधलं आणि त्यात ३० वर्षं राहिलात, तर तेवढ्या काळात निळ्या रेषेचा पूर एकदा तरी दारात यायची शक्यता शंभरात सुमारे ७१, आणि लाल रेषेच्या पुराची सुमारे २६. आपल्याकडं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सतरा वर्षांच्या आत येऊन गेले. त्यामुळं ‘आता परत एवढं येत नाही’ या बोलण्याला आधार नाही.

फुटांचा आकडा नक्की कसला?

कोल्हापुरात कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. तिथं इशारा ४० फूट आणि धोका ४५ फूट.

हे फूट म्हणजे रस्त्यावर चढलेलं पाणी नव्हे. मोजपट्टीच्या शून्यापासून पाणी किती वर आहे, एवढंच तो आकडा सांगतो. राजाराम बंधाऱ्याचे ४३ आणि आयर्विनचे ४३ यांची तुलनाही करू नका. दोन्ही पट्ट्यांचे शून्य वेगवेगळ्या उंचीवर आहेत.

दुसरे दोन शब्द कानावर पडतात, क्युसेक आणि टीएमसी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरणातून सलग २४ तास साधारण ११,५७४ क्युसेक सोडलं की एक टीएमसी पाणी खाली येतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. ‘चार दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की हा गुणाकार घरबसल्या करता येतो.

आपल्याकडं पाणी तुंबतं का?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती हे सगळं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतं आणि पंचगंगा होते. तीच पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्याआधी कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेत आलेली असते. म्हणजे सह्याद्रीत एकाच वेळी पाऊस लागला की सगळ्या नद्यांचं पाणी थोड्या अंतरात एकमेकांना भेटतं.

कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला पुढं जायला जागा राहत नाही. पाणी मागं फुगतं. त्यातून शिरोळ तालुक्यात जमीन सपाट. म्हणून शिरोळकडच्या गावांत कोल्हापुरात पाऊस उघडला तरी पाणी लवकर उतरत नाही. या गावांनी फक्त राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघून चालत नाही. आयर्विन, नृसिंहवाडी आणि राजापूर बंधाऱ्याचे आकडेही सोबत बघावे लागतात.

सपाट जमिनीचा हिशेब सोपा आहे. जिथं ५०० फुटांत जमीन एक फूट चढते, तिथं पाणी एक फूट वाढलं की ते आडवं ५०० फूट पसरतं. रात्रीत दोन फूट वाढलं तर सकाळी अख्खं शिवार पाण्यात. नदीकडं बघून ‘अजून लांब आहे’ म्हणणारा माणूस इथंच फसतो.

सरकारी नकाशा असताना गावाचा कशाला?

सरकारी पूररेषा बांधकामाच्या परवानगीसाठी उपयोगाची आहे आणि ती सगळ्याच गावांची आखलेली नसते. उपग्रहाचे नकाशेही असतात. ढग असले तरी रडार लावलेला उपग्रह पाणी कुठवर पसरलंय ते टिपतो, आणि इस्रोचं हैदराबादचं केंद्र असे पूरनकाशे काढतं. पण उपग्रहाला शिवार दिसतं. शाळेमागची बोळ, गोठा, डीपी, पाण्यात जाणारा पाणंद रस्ता यांची माहिती गावातल्या माणसालाच असते.

शिवाय पाणी बऱ्याच गावांत नदीकडून येतच नाही. ते मागच्या बाजूनं, ओढ्यातून उलटं चढतं. गावाची तोंडं नदीकडं आणि पाणी पाठीमागून घरात. ही गोष्ट गावच्या नकाशात पहिल्यांदा यायला पाहिजे.

गावाचा नकाशा : करायचा कसा

१. जुन्या खुणा गोळा करा. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठं होतं, ते भिंतीवर, देवळाच्या खांबावर, विजेच्या खांबावर शोधा. प्रत्येक गल्लीत निदान तीन वेगवेगळ्या घरी विचारा, कारण आठवण फूटभर इकडं-तिकडं होते. पुरात काढलेले मोबाईलचे फोटो मागा. फोटोवर तारीख आणि वेळ मिळते. खूण पक्की झाली की ऑइलपेंटनं रेघ मारून साल लिहा.

२. गावाचा नकाशा घ्या. भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा आणि गावठाणाचा नकाशा मिळतो. गट नंबरचा नकाशा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही बघता येतो. मोठ्या कागदावर काढून घ्या.

३. उंची जुळवा. गवंडी लेव्हल काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या. पक्क्या खुणेपासून नळी पुढं-पुढं नेत शाळेची पायरी, दवाखाना, समाजमंदिर, दूध संस्था, डीपी यांची उंची खुणेच्या किती खाली किंवा वर आहे ते लिहा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. लांब अंतराला ग्रामपंचायतीनं अभियंत्याकडून मशीननं लेव्हल काढून घ्यावी. मोबाईलवरच्या नकाशातली उंची या कामाला धरू नका, त्यात काही मीटरचा फरक पडू शकतो. इथं एक फूटसुद्धा महत्त्वाचा आहे.

४. पाण्याचा क्रम रंगवा. सगळ्यात आधी पाणी येतं ती जागा गडद निळी, नंतरची फिकी. बाणानं दिशा दाखवा, नदीकडून की ओढ्याकडून.

५. वर एक रेघ जादा मारा. २००५ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५० फुटांच्या आसपास होतं, २०१९ ला ते ५५ फुटांच्या वर गेलं. आयर्विनला ५३ च्या वर होतं ते ५७ च्या वर गेलं. म्हणजे चार-पाच फुटांचा फरक. २०१९ ला बरीच माणसं घरात थांबली ती याच हिशेबावर, की २००५ ला पाणी उंबऱ्यापर्यंत आलं नव्हतं, मग आताही येणार नाही. जुनी खूण म्हणजे पाण्याची शेवटची हद्द नव्हे. आजवरच्या सगळ्यात मोठ्या खुणेवर निदान तीन-चार फूट वर एक लाल रेघ मारा आणि निवाऱ्याची जागा त्या रेघेच्या वरच निवडा.

६. माणसं आणि जनावरं लिहा. कुठल्या घरात अंथरुणावरचा म्हातारा माणूस आहे, कुठं गरोदर बाई, कुठं अपंग माणूस, कुठं डायलिसिसचा पेशंट, कुठल्या गोठ्यात किती म्हशी. नावं भिंतीवर लावायच्या नकाशावर नकोत. ती यादी ग्रामपंचायतीत आणि आशाताईंकडं ठेवा.

सगळ्यात कामाचा कागद : फूट आणि रस्ता

नकाशासोबत एक छोटा तक्ता पाहिजे. डाव्या बाजूला जवळच्या मोजपट्टीचे फूट, उजव्या बाजूला गावात काय होतं ते. समजायला एक नमुना देतो. आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, आपल्या गावाचे आपण भरायचे.

- ३७ फूट : मळीतल्या मोटारी काढा, ओढ्यावरच्या पुलाकडं लक्ष ठेवा
- ३९ फूट : ओढ्यावरचा पूल बंद, खालच्या गल्लीतली जनावरं हलवा
- ४१ फूट : खालच्या गल्लीतली माणसं हलवा, डीपी बंद करायला वायरमनला फोन
- ४३ फूट : तालुक्याचा रस्ता बंद व्हायच्या बेतात, आजारी माणसं आधीच गेलेली पाहिजेत
- ४५ फूट : गावाला चारी बाजूंनी पाणी

या तक्त्यात एक नियम पाळा. बाहेर पडायचं ते रस्ता बंद व्हायच्या आधीच्या ओळीला. पाणी घरात यायच्या आधी बऱ्याचदा रस्ता जातो. एकदा रस्ता गेला की उरते बोट. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून किती घरं उजाड झाली, ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. बोटीत बसायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

शेतकऱ्याचा पाय अडकतो तो जनावरांत. दारात दुभती म्हैस बांधलेली सोडून कोण जाणार? म्हणून जनावरांची ओळ माणसांच्या वर ठेवा. जनावरं एक दिवस आधी हलली की माणसं मुकाट्यानं हलतात. छावणीची जागा, चारा आणि टेम्पो कुणाचा, हे जूनमध्येच ठरवा. आणि जायची वेळच आली नाही, पाणी गोठ्यात शिरलं, तर दावी सोडा. जनावर पोहून जगतं, बांधलेलं जगत नाही.

प्लॉट घेताना

नदीकाठच्या गावात आणि शहराच्या कडेला स्वस्तात प्लॉट निघतात. घ्यायच्या आधी गट नंबर घेऊन जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आणि नगररचना कार्यालयात पूररेषेची चौकशी करा. तोंडी उत्तरावर थांबू नका. नकाशाची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘२०१९ ला इथं कुठवर होतं?’ एजंट हे सांगत नाही.

नकाशा दरवर्षी बघायचा

रस्त्याचा नवा भराव पडला, पूल उंच झाला, ओढ्यात घरं झाली, की पाण्याची वाट बदलते. भरावात मोऱ्या कमी असतील तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि पूर्वी कोरडी राहणारी गल्ली पाण्यात जाते. म्हणून मे महिन्याच्या ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा, वाचून दाखवा आणि काय बदललं ते लिहा. पूर येऊन गेला की पाणी ओसरायच्या आत नव्या खुणा करा. चिखल धुतला की खूणही धुतली जाते.

जवळ ठेवायचे नंबर

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲप मोबाईलवर घेता येतं, त्यात नदीची पातळी आणि अंदाज दिसतो. पुरात लाईट जाते, मोबाईल बंद पडतो. म्हणून नंबर, तक्ता आणि नकाशाचा फोटो मोबाईलमध्ये असला तरी त्याची एक प्रत कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत, घरातल्या उंच फळीवर ठेवा.