'अस्सल' निळ्या कोंबडीची गोष्ट

लग्नाची बोलणी सुरू झाली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "खानदान कौनसा?" सय्यद, शेख, पठाण म्हटलं की मान डोलते, बागवान, पिंजारी, तांबोळी म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा बदलतो. हे पाहताना मला हल्ली कोंबड्या आठवतात.

अस्सलपणाचं वेड कोंबड्यांच्या शौकिनांतही जुनं आहे. झुंजीच्या कोंबड्याला आपल्याकडे 'असील' म्हणतात. 'असील' आणि 'अस्सल' हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आलेले. अर्थ कुलीन, शुद्ध वंशाचा. पिसांच्या रंगावरून त्यांना नावंही आहेत : सोनेरी-तांबडा तो पीला, काळा-तांबडा याकूब, पांढरा नूरी, काळा कागर.

इंग्लंडमध्ये १८३५ साली झुंजींच्या आखाड्यांवर कायद्याने बंदी आली. हळूहळू शौकिनांची चढाओढ झुंजीकडून पिसांकडे वळली. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. १८६५ मध्ये तर कोणत्या जातीचं रूप कसं असावं याचे लेखी निकषच छापले गेले. निकषात बसेल तो पक्षी अस्सल, बाकीचे बाद.

याच काळात स्पेनच्या अंदलुसिया प्रांताचं नाव मिरवणारी एक जात इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली. 'अंदलुसिया' म्हणजे आपल्या इतिहासातलं अल-अंदलुस. या जातीचं पीस निळसर राखाडी, कडेला गडद रेघ. मोठी देखणी कोंबडी. पण पाळणारे हैराण होते. निळ्या नराशी निळीच मादी जुळवली, तरी पिल्लांतली साधारण निम्मीच निळी निघत. उरलेल्यांत काही काळी, तर काही पांढरी, अंगावर निळसर शिंतोडे असलेली. शौकीन म्हणत, रक्तात कुठेतरी भेसळ आहे. वर्षानुवर्षं काळी-पांढरी पिल्लं बाजूला काढली, पिढ्यान् पिढ्या निळ्यांतूनच पैदास केली. भेसळ काही जाईना.

१९०० मध्ये मेंडेलचे विस्मरणात गेलेले नियम पुन्हा उजेडात आले. केंब्रिजचे विल्यम बेटसन तेव्हा कोंबड्यांवरच प्रयोग करत होते. ग्रँटचेस्टर गावी त्यांच्या घराच्या आवारातही कोंबड्या असत. बेटसन आणि त्यांचे सहकारी पनेट यांनी अंदलुसियन पिल्लांचा हिशोब मांडला, तेव्हा कोडं सुटलं. पुष्कळ पिल्लं मोजली तर चारात सरासरी एक काळं, दोन निळी, एक पांढरं. काळ्याशी काळी जुळवा, काळीच पिल्लं होतात. पांढऱ्याशी पांढरी जुळवा, पांढरीच होतात. म्हणजे ज्यांना भेसळीचे म्हणून फेकलं, तेच आपल्या रंगाला पक्के होते. निळा हाच संकर, एक गुण काळ्याकडून आणि एक पांढऱ्याकडून घेतलेला. आणि बाद ठरवलेल्या काळ्या-पांढऱ्यांची जोडी लावली, तर सगळीच्या सगळी पिल्लं निळी!

जवळपास त्याच वेळी, १९०१ च्या जनगणनेच्या अहवालात, बंगालमधल्या मुसलमानांची अश्राफ, अजलाफ आणि अर्जल अशी उतरंड नोंदवली जात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात तो उतारा देऊन मुसलमानांतही जात असल्याचं दाखवून दिलं. आपण मात्र आजही व्यासपीठावरून 'इस्लाममध्ये जात नाही' म्हणतो आणि घरी येऊन खानदान विचारतो. अरबाला अरबेतरावर श्रेष्ठत्व नाही, ही पैगंबरांच्या अखेरच्या प्रवचनातली शिकवण आपल्याला पाठ असते; बोलणीच्या बैठकीत तेवढी आठवत नाही.

माणसं म्हणजे कोंबड्या नव्हेत. जातीची उतरंड रक्ताने नाही, माणसांनीच रचली. ती मोडायला मेंडेलची गरज नाही. पण त्या शौकिनांची चूक आपल्या ओळखीची आहे. त्यांनी डोळ्यांना भावला तो रंग शुद्ध ठरवला आणि त्यासाठी निम्मी पिल्लं बाद केली. आपण किती चांगली स्थळं, किती मुलं-मुली अशीच बाद केली, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.