घरसामानातून वाचलेली चित्रे

व्हेनिस नगरीत रस्त्यांचे काम कालवे करतात. तेथील मोठ्या कालव्यातून होडीने जाताना दोन्ही काठांवर तीन-तीन, चार-चार मजली वाडे पाण्यात पाय सोडून बसलेले दिसतात. त्यांत एकच वाडा ठेंगणा. नगरीला तीन दोजे, म्हणजे राज्यप्रमुख, देणाऱ्या व्हेनिएर घराण्याने तो १७४९ च्या सुमारास बांधावयास घेतला. परंतु तळमजल्यावर काम थांबले ते कायमचे. पांढरा दगड, पाण्यालगत कोरलेली सिंहमुखे, आणि वर मोकळे आकाश!

हा अपुरा वाडा १९४९ साली पेगी गुगेनहाइम या अमेरिकन बाईंनी विकत घेतला. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा त्या पॅरिसमध्ये नव्या चित्रकारांची चित्रे गोळा करीत होत्या. शत्रू जवळ आल्यावर चित्रे सुरक्षित ठेवण्यासाठी त्यांनी लूव्र संग्रहालयाकडे जागा मागितली. ही चित्रे जपून ठेवण्याच्या योग्यतेची नाहीत, असे उत्तर मिळाले. मग १९४१ साली चादरी, ब्लँकेटे व भांडी यांच्या सोबतीने ती ‘घरसामान’ म्हणून अमेरिकेस रवाना झाली! जे मोठ्या संस्थेला उमगले नाही, ते बाईच्या संसाराच्या पेट्यांनी वाचविले. पुढे १९४३ साली न्यूयॉर्कच्या आपल्या चित्रदालनात त्यांनी केवळ स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन भरविले. त्या होत्या एकतीस.

१९५१ पासून दर उन्हाळ्यात बाई आपले राहते घर लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवू लागल्या. आजही आत शिरताना पाहुणे आल्यासारखेच वाटते. पिकासो, कॅन्डिन्स्की, पोलॉक ही सारी मंडळी येथे आहेत. सगळीच चित्रे मला उमगली, असे मी म्हणणार नाही. परंतु काल्डर यांनी घडविलेली बाईंच्या पलंगाची चांदीची उशाकडची जाळी पाहून हसू आले. युद्धामुळे इतर धातू मिळेनात, म्हणून चांदी वापरली म्हणे! मात्र पेगीन या त्यांच्या चित्रकार मुलीची चित्रे पाहताना पाऊल अडखळले. ती १९६७ साली आईच्या आधी गेली.

बाई १९७९ साली वारल्या. बागेत त्यांच्या लाडक्या कुत्र्यांशेजारी त्यांच्या अस्थी आहेत. वाडा व संग्रह त्यांनी आपल्या काकांच्या नावे असलेल्या प्रतिष्ठानास दिला.

भगिनींनो, आपल्या पेट्यांतही आजीच्या हातचे भरतकाम, जुनी पत्रे, ओव्यांच्या वह्या असतील. ‘जपण्याजोगे नाही’ असे कोणी म्हणाले, तर टाकून देण्यापूर्वी या ठेंगण्या वाड्याची आठवण करावी.