शिखरिणीचे सहावे अक्षर

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना अर्धापुरी केशवराजाचे दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या एखाद्या रसिकाने, या मुलखात काव्याची दीक्षा कोणत्या ग्रंथांनी दिली असे विचारले, तर बोट वामनपंडिताकडे जाते. सतराव्या शतकातला हा कवी नांदेडच्या शेष घराण्यातला की नव्हे, हा संशोधकांचा तंटा अजून निकालात निघालेला नाही, आणि मला त्याची निकडही वाटत नाही. भर्तृहरीची शतके व जगन्नाथ पंडिताची गंगालहरी समोर ठेवून त्याने लेखणी चालविली, हे अधिक मोलाचे. गंगालहरीचे वृत्त शिखरिणी; तिच्या चरणातील सतरा अक्षरांत सहाव्यावर यती, म्हणजे विराम, येते. तेथे शब्द न मोडता मराठीचे प्रत्यय आणि संस्कृत समासांची भरणी एकत्र बसविणे हे सोनाराच्या फुंकणीचे काम. पुढे निजामी अमलात दप्तर फारसी व मागाहून उर्दू झाले, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतच चाले. तेव्हा मराठी वृत्तांना मोठा आसरा राहिला तो कीर्तनकारांच्या कंठात. त्याच कीर्तनपरंपरेतील साकी-दिंडीच्या चाली उचलून अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात कालिदासाचे शाकुंतल रंगभूमीवर आणले.