मुका मार

मराठीतील ‘मुका मार’ हा शब्दप्रयोग मोठा अर्थगर्भ आहे. कातडी फाटत नाही, रक्त वाहत नाही, हाड मोडत नाही. म्हणून तो मार मुका. परंतु मुका म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

सन 1988 च्या सुमारास आम्ही सीमाभागातील एका तालुक्यात कनिष्ठ पदावर होतो. फरशीच्या खाणीवर एका मजुराच्या मांडीवरून भरल्या बैलगाडीचे चाक गेले. क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसले. मदतीच्या अर्जावर ‘मुका मार, दुखापत साधी’ असा शेरा लिहून आम्ही मोकळे झालो. तीन आठवड्यांनी मांडीवर पखालीसारखी डुचमळणारी सूज आली. घरच्यांनी तेल लावून चोळले, शेक दिला. वरची कातडी काळी पडली, आत पू झाला. प्राण वाचले, पण तो गडी पुन्हा खाणीत उतरला नाही.

या दुखापतीचा इतिहास आम्ही निवृत्तीनंतर वाचला. सुश्रुतसंहितेत सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. चेंगरण्याने होणारा ‘पिच्चित’ हा त्यांतील आपल्या विषयाला जवळचा. तथापि कातडी अखंड राहून आतल्या आत सुटते, ही गोष्ट स्वतंत्रपणे मांडली ती फ्रेंच शल्यविशारद व्हिक्तोर ओग्युस्त फ्रांस्वा मोरेल-लावाले (1811–1865) यांनी. वैद्यकग्रंथांत त्यांची पहिली नोंद 1853 ची मानतात. सविस्तर निबंध 1863 साली प्रसिद्ध झाला. याच 1853 च्या 16 एप्रिलला बोरीबंदर–ठाणे आगगाडी धावली, आणि 1871 पर्यंत तो लोहमार्ग आपल्या गुलबर्ग्यावरून रायचूरला पोहोचला. चाकाचा वेग वाढला, तशी ही दुखापतही वाढली. पुढे विसाव्या शतकात लेतुर्नेल आणि ज्यूदे या अस्थिशल्यविशारदांनी कटिभागाच्या अस्थिभंगांचा अभ्यास करताना खुब्यावरील अशा दुखापतीस मोरेल-लावाले यांचे नाव रूढ केले.

आत घडते ते असे. कातडी व तिच्याखालील चरबी ही स्नायूंवरील चिवट पडद्याला चिकटलेली असते. चाक अंगावरून घसरत गेले, की वरचा थर एकीकडे ओढला जातो आणि पडदा जागीच राहतो. दोहोंना जोडणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. मधल्या पोकळीत रक्त, लसिका आणि मेलेली चरबी साठते. काही काळाने तिच्याभोवती पिशवी तयार होते. मग ती सूज आपोआप जिरत नाही. खुबा, मांडी, कुल्ला, कंबर, गुडघा ही तिची नेहमीची ठिकाणे.

ओळखावयाच्या खुणा चार: दाबताच डुचमळणारी सूज, हाताखाली अवाजवी सरकणारी कातडी, त्या भागातील बधिरता आणि उशिरा उमटणारे काळेनिळे वळ. सूज कधी काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी प्रकट होते. म्हणून सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ती प्रथम तपासणीत निसटते. क्ष-किरणांना हाड दिसते, ही पोकळी नव्हे. ती ध्वनिलहरींच्या तपासणीत दिसते आणि एमआरआयमध्ये सर्वांत स्पष्ट होते.

उपचार काळावर अवलंबून. ताजी, लहान सूज घट्ट पट्टीने बसते. मोठी असल्यास द्रव काढतात. मात्र 50 मिलिलिटरहून अधिक द्रव निघाला तर ती पुन्हा भरण्याचा संभव बराच असतो, असे 2014 च्या एका अभ्यासात आढळले. 2006 साली अमेरिकेतील शल्यवैद्यांनी 19 रुग्णांवर तीन दिवसांच्या आत लहान छेदांतून पोकळी धुऊन काढण्याची रीत मांडली. जुन्या पोकळीत डॉक्सिसायक्लिनसारखे औषध सोडून तिच्या भिंती चिकटवितात. पिशवी पक्की झाली असेल तर ती कापून काढावी लागते.

आमचा शेरा कायद्यातही बसणारा नव्हता. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 320 सांगत होते, की वीस दिवस तीव्र वेदना झाल्या वा नित्याचे काम करता आले नाही, तर ती दुखापत गंभीर. त्यास हाड मोडलेच पाहिजे असे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली आहे. आणि गुलबर्ग्यात 1963 पासून महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय होतेच. त्या मजुरास तिकडे धाडण्याऐवजी आम्ही ‘साधी’ हा शब्द लिहिला.

आपल्यापैकी पुष्कळांची शेती आहे, घरांत ट्रॅक्टर आहेत, नातवंडे दुचाकीवर फिरतात. अंगावरून चाक गेले आणि ‘हाड शाबूत आहे’ असे ऐकले, तरी निश्चिंत होऊ नये. चोळू नये, शेकू नये. महिनाभर रोज त्या जागेवर हात फिरवून पाहावे. कातडी सरकली वा सूज डुचमळली, तर त्याच दिवशी शल्यवैद्य गाठावा.