उप्पलमधली निळी जर्सी

६ एप्रिल २०१९, हैदराबादचं उप्पल स्टेडियम. चहूकडे सनरायझर्सचा केशरी रंग आणि मधे मी, निळ्या जर्सीत. गाव परभणी, नोकरी हैदराबादला, जीव मुंबई इंडियन्सवर. मुंबईच्या जेमतेम १३६ धावा झाल्या, आजूबाजूचे चिडवायला लागले. मग आयपीएलमधला पहिलाच सामना खेळणाऱ्या अल्झारी जोसेफनं १२ धावांत ६ बळी घेतले. हैदराबाद ९६ वर खलास! मी ओरडलो, पण जरा जपूनच.

दुसऱ्या दिवशी आजोबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, हैदराबाद तर आपलंच होतं की!"

खरंच होतं. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३७-३८ मध्ये हैदराबादनं नवानगरला एका विकेटनं हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, तेव्हा नकाशावर तीच आपली टीम. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. आणि गंमत बघा, आजही परभणीचा पोरगा रणजी खेळला तर 'महाराष्ट्र' संघाकडून खेळतो, मुंबईकडून नाही!

मी आजोबांना विचारलं, "मग निजामाविरुद्ध लढलात कशाला?" ते म्हणाले, "निजाम नको होता. माणसं कुठं परकी होती?"

जर्सी निळीच राहणार. पण आता उप्पलला मी मोकळ्या गळ्यानं ओरडतो. तुम्ही कुठल्या गावात आपली टीम जपताय? नक्की कळवा.