कोर्लईची बोली

अलिबागेहून दक्षिणेस निघालें म्हणजे आक्षी, नागांव, चौल हीं नारळी-पोफळींच्या वाड्यांनीं झांकलेलीं गांवें मागें टाकीत सुमारें १७ किलोमीटरांवर रेवदंडा लागतो. येथें कुंडलिका नदी समुद्रास मिळते. खाडीच्या पलीकडच्या तीरावर समुद्रांत लांबवर शिरलेला एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर किल्ला, टोंकाशीं दीपगृह आणि पायथ्याशीं कोर्लई नांवाचा लहानसा गांव. मुरुडास जंजिरा पाहावयास जाणारी मंडळी पुलावरून जातां जातां त्या किल्ल्याकडे बोट दाखवितात आणि पुढें निघून जातात. आम्हीहि पुष्कळ वर्षें तेंच केलें. किल्ल्याचे दरवाजे मोजले, तटावरून खाडीचा देखावा पाहिला, परंतु पायथ्याच्या गांवांत पाऊल टाकण्याची बुद्धि कांहीं झाली नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकाची ही जुनीच खोड आहे. दगड दिसला कीं तो थांबतो. माणूस दिसला तर वाट विचारून पुढें जातो.

एकदां मात्र उन्हाच्या त्रासानें आम्ही गांवांतल्या एका ओटीवर पाण्यासाठीं टेकलों. आंत दोन वृद्ध बाया एकमेकींशीं बोलत होत्या. त्यांच्या बोलण्याचे हेल कोंकणांतल्या कोणत्याहि बाईचे असावेत तसे. वाक्याचा ओघहि ओळखीचा. पण शब्द मात्र एकहि कळेना. आमच्याशीं त्या लागल्याच स्वच्छ मराठींत बोलूं लागल्या. ‘ही कोणती भाषा?’ असें विचारतां उत्तर आलें, ‘आमची.’ पुढें कळलें कीं, हें उत्तर म्हणजेच त्या भाषेचें नांव होय. तेथील ख्रिस्ती लोक आपल्या बोलीस ‘नो लिंग’ असें म्हणतात. यांतील दुसरा शब्द संस्कृत नव्हे. जीभ किंवा भाषा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचें तें आंखूड झालेलें रूप आहे. ‘नो लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज शब्दांची पण मराठी चालीनें चालणारी ही बोली बोलणारे लोक सारे मिळून हजाराच्या आसपास आहेत, आणि त्यांचें घर हा एकच गांव आहे.

ही बोली येथें कशी आली हें समजण्यास खाडीच्या अलीकडे, चौलाकडे पाहिलें पाहिजे. चौल हें पश्चिम किनाऱ्यावरचें अत्यंत प्राचीन बंदर. ग्रीक भूगोलकारांनीं त्याचें नांव नोंदलें आहे, अरब प्रवासी त्यास सैमूर म्हणत, इ. स. ९१५ च्या सुमारास मसूदी येथें येऊन गेला, आणि पंधराव्या शतकांत निकितिन नांवाचा रशियन व्यापारी याच बंदरांत उतरून पुढें बहामनी राज्यांत गेला. अशा बंदरावर पोर्तुगिजांची दृष्टि न जाती तरच नवल. १५०८ सालीं चौलाच्या खाडींत इजिप्त व दीव यांच्या संयुक्त आरमाराशीं झालेल्या लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. तरी त्यांनीं चिकाटी सोडली नाहीं. १५२१ मध्यें बुऱ्हाण निजामशहाकडून किल्ला बांधण्याची परवानगी मिळवून १५२४ पर्यंत त्यांनीं खालच्या चौलास, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, आपलें ठाणें पक्कें केलें. वरचें चौल निजामशाहीचें आणि खालचें फिरंग्यांचें, अशी एकाच बंदराची वांटणी झाली.

शेजाऱ्यांचें हें सख्य फार काळ टिकणारें नव्हतें. १५७०–७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें चौलास व त्याच वेळीं अली आदिलशहानें गोव्यास वेढा घातला. दोन्ही वेढे निष्फळ झाले. पुढें निजामशाहीनें समोरच्या डोंगरावर मोर्चा बांधला, तेव्हां खाडीचें तोंडच शत्रूच्या तोफेखालीं आलें. म्हणून १५९४ सालीं पोर्तुगिजांनीं हल्ला करून तो डोंगर घेतला व तेथें आपला किल्ला उभारला. तोच कोर्लईचा किल्ला. १६८३ मध्यें संभाजी महाराजांच्या सैन्यानें चौलास वेढा दिला, पण ठाणें पडलें नाहीं. अखेर १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि उत्तर कोंकणांतील फिरंगी सत्तेचा कणा मोडला. १७४० च्या तहानें, मराठ्यांनीं गोव्यांतील साष्टी व बारदेश सोडावे आणि पोर्तुगिजांनीं चौल व कोर्लई द्यावीं, असें ठरलें. दोनशें वर्षांहून अधिक काळ ज्या जागेसाठीं रक्त सांडलें, ती शेवटीं कागदावर हातोहात बदलली गेली.

इतिहासाचीं पुस्तकें येथें प्रकरण संपवितात. वसईच्या विजयाचें वर्णन वाचतांना कोणा मराठी माणसाचें मन भरून येत नाहीं? आमचेंहि येतें. परंतु तहावर शिक्के पडल्यावर दुसऱ्या दिवशीं त्या गांवच्या सामान्य माणसानें काय केलें, हा प्रश्न बखरकारास पडत नाहीं. ज्यांचें गोव्यांत घरदार होतें, नातें होतें, ज्यांना तेथें पद मिळणार होतें, ते गलबतांत बसून गेले. मागें राहिले ते कोण? शिपायांच्या घरचीं कामें करणारे, शेतांत व वाड्यांत राबणारे, बाटलेले किंवा बाटलेल्यांच्या पोटीं जन्मलेले, इथल्याच मातींतले गोरगरीब. गोरा शिपाई आणि देशी स्त्री, धनी आणि चाकर, पाद्री आणि नवख्रिस्ती यांच्या रोजच्या व्यवहारांतून पिढ्यान् पिढ्या घडलेली एक मोडकीतोडकी पोर्तुगीज त्यांच्या घरांत मातृभाषा होऊन बसली होती. रेवदंड्याची वस्ती उठली आणि हे लोक खाडीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशीं राहिले. सत्ता गेली, तोफा गेल्या, व्यापार गेला. भाषा मात्र राहिली. आणि जे ती भाषा घेऊन आले होते त्यांच्यापाशीं ती राहिली नसून, ज्यांच्यावर ती आली होती त्यांच्यापाशीं राहिली. आमच्या मतें कोर्लईच्या इतिहासांतील मर्म हेंच आहे.

अशा बोली एकेकाळीं वसई, साष्टी, मुंबई, दमण, दीव अशा सर्व किनाऱ्यावर होत्या. गोव्यांत जन्मलेले थोर भाषापंडित मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फ दालगादो यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचा अभ्यास केला. मुंबईकडील बोली इंग्रजी व मराठी यांच्या रेट्यांत नाहींशा झाल्या. कोर्लईची टिकली, याचीं कारणें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. धर्मानें हे लोक भोंवतालच्या हिंदूंपासून व मुसलमानांपासून वेगळे. त्यामुळें लग्नसंबंध आपसांतच. मध्यें खाडी, तीवर पूल नाहीं, तरीनें जावयाचें. देवळांत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्यें, उपदेश करणारा पाद्री गोव्याकडचा. एवढ्या तीन भिंतींच्या आंत अडीचशें वर्षें ही पणती तेवत राहिली.

मात्र भिंतींनाहि दारें असतातच. बाजार मराठीचा, शेताचा बांध मराठीचा, कचेरी मराठीची. या दारांनीं मराठी आंत शिरली, आणि ती शब्दांच्या रूपानें जितकी शिरली त्याहून अधिक व्याकरणाच्या रूपानें शिरली. अमेरिकेंतील भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं या बोलीवर १९९६ मध्यें एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील विवेचन मराठी वाचकानें मुद्दाम ध्यानांत घेण्याजोगें आहे. पोर्तुगीज भाषेंत क्रियापद वाक्याच्या मध्यें येतें आणि कर्म त्याच्या मागून. कोर्लईच्या बोलींत तें आपल्याप्रमाणें वाक्याच्या शेवटीं जाऊन बसलें आहे. ‘मला भूक लागली’ असें आपण म्हणतों, भुकेचा धनी कर्ता न होतां ‘मला’ होतो. तशा वळणाचीं वाक्यें तेथें आढळतात. आणखी एक गंमत अशी कीं, पोर्तुगीज क्रियापदांचे मूळचे तीन वर्ग असतां या बोलीनें एक चौथा, उकारान्त वर्ग निर्माण केला. कां, तर मराठींतून घेतलेल्या धातूंची सोय व्हावी म्हणून. पाहुण्यांसाठीं घराला एक नवी खोली बांधावी, तशी ही व्यवस्था आहे.

उलट दिशेचा व्यवहार तर आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहे. चावी, पगार, लिलाव, घमेलें, पाव, बटाटा, काजू हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले आणि इतके पचविले कीं ते परके आहेत हें सांगावें लागतें. दालगादो यांनीं आशियाच्या भाषांत शिरलेल्या अशा शब्दांचा कोशच १९१३ मध्यें प्रसिद्ध केला. म्हणजे त्यांनीं आम्हांस शब्द दिले आणि आम्हीं त्यांच्या बोलीस वाक्यरचना दिली. तहाच्या कागदांत ही देवघेव कोठेंहि नमूद नाहीं. पण तहानें दिलेलें सारें गेलें आणि हें मात्र राहिलें.

या टापूंत असे नमुने आणखीहि आहेत. उत्तरेस अलिबागेजवळील नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, अशी बेने इस्रायल लोकांची परंपरा आहे. ते तेल गाळूं लागले आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशीं गांवांवरून आडनांवें त्यांनीं घेतलीं. त्यांनीं धर्म राखला, भाषा मात्र मराठी केली. दक्षिणेस मुरुडाजवळ जंजिऱ्यांत मुळच्या आफ्रिकेंतील सिद्दींचें राज्य १९४८ पर्यंत चाललें. त्यांनीं राज्य राखलें. कोर्लईकरांनीं ना राज्य राखलें, ना कसला दावा सांगितला. त्यांनीं आईच्या तोंडची बोली राखली. कुलाबा जिल्हा म्हणून आमच्या पिढीनें ज्यास ओळखलें आणि १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात, त्या एका किनारपट्टीवर एका दिवसाच्या प्रवासांत हीं तीन उदाहरणें दिसतात.

आतां थोडें समुद्रापार पाहूं. जावा बेटांत, आजच्या जकार्ता शहराच्या ईशान्येस तुगू नांवाची एक वस्ती आहे. डच लोकांनीं १६४१ मध्यें मलाक्का पोर्तुगिजांकडून घेतल्यावर तेथील, तसेंच हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरील पोर्तुगीज बोलणारे ख्रिस्ती गुलाम व बंदी बटाव्हियास नेले गेले. त्यांपैकीं जे मोकळे झाले त्यांना ‘मार्दाइकर’ म्हणत. हा शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’ यावरून निघाला, आणि त्याच मूळचा ‘मर्देका’ हा शब्द इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा घोष झाला. या मोकळ्या झालेल्यांचीं कांहीं कुटुंबें तुगू येथें वसलीं. त्यांचीहि बोली पोर्तुगीज शब्दांची, पण घडण मलायी वळणाची. कोर्लईप्रमाणेंच तेथेंहि धनी गेले आणि चाकरांच्या घरीं भाषा राहिली. परंतु तुगूची बोली अस्खलित बोलणारा शेवटचा मनुष्य १९७८ मध्यें वारला. आतां ती ‘क्रोंचोंग’ नांवाच्या गाण्यांतून उरली आहे. गाणारे गातात, पण त्या भाषेंत भांडणारें, रडणाऱ्या मुलास समजावणारें कोणी उरलें नाहीं.

कोर्लईची गोष्ट तेथपर्यंत जाणार काय? ज्या भिंतींनीं ती राखली त्या एकामागून एक पडत आहेत. खाडीवर पूल झाला. चर्चमधील उपासना मराठींत होऊं लागली. मुलें मराठी शाळेंत जातात. तरुण नोकरीसाठीं मुंबईकडे वळतात. यांत वाईट काय आहे? कांहींच नाहीं. एका म्हाताऱ्या भाषेच्या सोबतीसाठीं मुलांना शाळेपासून, किंवा आजाऱ्याला दवाखान्यापासून दूर ठेवावें, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. माणसें पदार्थसंग्रहालयांतल्या वस्तु नव्हत. आपल्या मुलांनीं कोणत्या भाषेंत बोलावें हें ठरविण्याचा अधिकार त्यांचाच.

पण आमच्या मनांत एक वेगळीच टोंचणी राहते. इंग्रजीच्या आक्रमणानें मराठीचें काय होणार, याची चिंता आम्ही सुशिक्षित मंडळी सभांतून आणि मासिकांतून नित्य करीत असतों. ती खोटी नाहीं. परंतु कोर्लईच्या ओटीवर बसल्यावर ध्यानांत येतें कीं, येथें मोठी भाषा आपली आहे. येथें जी बोली संकोचानें आवाज खालीं करते ती आमच्यापुढें. त्या दोघी वृद्धा आम्हांस पाहतांच मराठींत वळल्या, हा त्यांचा विनय. पण तो विनय कोणत्या सवयींतून आला, हें आम्हीं स्वतःस विचारावयास हवें होतें. आपल्या भाषेसाठीं न्याय मागणाऱ्यानें, आपल्या अंगणांतल्या लहान भाषेचें देणें आधीं ओळखलें पाहिजे.

हें देणें फेडण्यास मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करीत, तीं वाळवीनें खाण्याच्या आधीं. हें दप्तर तर माणसांच्या तोंडांत आहे. त्यास वाळवी नाहीं, पण आयुष्याची मर्यादा आहे. ध्वनिमुद्रणाचें साधन आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशांत असतें. आमच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत किल्ल्यावर चढण्याबरोबर एखादा दिवस पायथ्याशींहि काढावा, तेथील माणसांची अनुमति घेऊन त्यांच्या म्हणी, गाणीं, पाककृति, मासळीचीं व भाजीचीं नांवें टिपून घ्यावीं, आणि टिपलेलें प्रथम त्या गांवासच परत द्यावें. परदेशांतल्या विद्वानानें जें केलें तें शेजाऱ्यास अशक्य नाहीं.

निरोप घेतांना आम्हीं त्या बाईस विचारलें, ‘नातवंडांशीं कोणत्या भाषेंत बोलतां?’ ती हंसून म्हणाली, ‘लाडांत आलें म्हणजे आमच्या भाषेंत, रागें भरलें म्हणजेहि तिच्यांतच. बाकी मराठींत.’ लाड आणि राग जोंवर त्या बोलींत आहेत, तोंवर ती जिवंत आहे. रेवदंड्याचे तट पडके आहेत, किल्ल्यावरचें चर्च उघडें पडलें आहे, पण १७४० च्या तहानें न संपलेला चौलाचा इतिहास कोर्लईच्या चुलीपाशीं अजून बोलतो आहे. त्या वाटेनें जाणाऱ्या वाचकानें एकदां गाडी थांबवून तो ऐकावा.