सागाच्या पोटातले तेल

वऱ्हाडची हवा लाकडाची परीक्षाच घेते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि फळ्या आक्रसतात. पावसाळ्यात त्याच फळ्या ओल पिऊन फुगतात, दारे चौकटीत अडतात. उधई तर आहेच. म्हणून जुन्या सुतारांनी कामागणिक झाड ठरवले होते. बैलगाडीला बाभूळ, कारण ती धक्के सोसते. आसाला धावडा. दार, चौकट आणि तुळई मात्र सागाची. सागाच्या गाभ्यात मुळातच तेलकट अंश असतो. उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि ऋतू बदलला तरी तो फारसा हलत नाही.

हा साग मेळघाटचा. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभारात गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढे सातपुड्यातले जंगल राखीव झाले. ज्या कोरकूंच्या झोपड्यांभोवती साग उभा होता, त्यांनाच तो तोडायला परवानगी लागू लागली. आपल्या वाड्यांचे कौतुक करताना हे पान सहसा कोणी उघडत नाही. १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांतही मेळघाट होते.

आता वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांच्या तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. घरच्या कामासाठी मला तेच लाकूड पसंत आहे. ते किती तरी वर्षे वाळलेले असते. फक्त रंधा लावण्याआधी खिळे नीट शोधावेत, नाहीतर पाते गेलेच. नव्या, कोवळ्या सागात सालीजवळचा पांढरा भाग जास्त असतो. तो उधईला चालतो.

फळीची नस कशी पाहावी, हे रेहल शिकवते. कुराणशरीफ ठेवायची ही घडीची चौकी एकाच फळीतून कोरतात; मध्ये खिळा नाही, बिजागरी नाही. नस तिरपी गेली, तर सांध्याची बोटे तुटतात. सरळ नसेची फळी मिळेपर्यंत थांबणे हेच त्यातले अर्धे काम.

राहिली झिलई. लाखेची चपडी चमकते, पण गरम कपाचा डाग धरते. मला जवसाचे तेल बरे वाटते. जवस तर आपल्याच शेतातले! पातळ हात द्यावा, जादा तेल पुसावे, पूर्ण वाळू द्यावे, मगच दुसरा हात. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना तापते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. अंगणात पसरून वाळवाव्यात.